गावाने राखलेले चित्रगृह

इ. स. १९१३ च्या मे महिन्यातील दोन तारखा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ३ मे रोजी मुंबईत, गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे आला. त्यानंतर तेवीस दिवसांनी, २६ मे रोजी, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅम्पबेलटाऊन या छोट्या गावात ‘पिक्चर हाऊस’ नावाच्या चित्रगृहाचे दार उघडले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. कॉरोनेशनची वास्तू आज उरलेली नाही. कॅम्पबेलटाऊनचे चित्रगृह मात्र त्याच जागी, त्याच नावाने, आजही चित्रपट दाखवीत आहे. गावाची वस्ती पाच हजारांहूनही कमी. जिथे एखादे बरे कापड दुकान चालविणेही जिकिरीचे, तिथे शंभर वर्षांची जुनी वास्तू आणि तिच्यातला धंदा या दोन्ही गोष्टी कशा टिकल्या, हा प्रश्न व्यापार करणाऱ्या माणसाच्या मनात प्रथम येईल. आणि त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीतच सापडते.

प्रथम गावाची ओळख करून घ्यावी. किंटायर नावाचा एक लांबट, अरुंद भूभाग समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या दक्षिण टोकाजवळ कॅम्पबेलटाऊन वसले आहे. ग्लासगो शहर सरळ रेषेत फार दूर नाही; पण मध्ये समुद्राचे फाटे असल्यामुळे रस्त्याने जायचे तर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो आणि तीन तासांहून अधिक वेळ लागतो. वाटेत एक घाट आहे, तिथे पावसाळी दिवसांत दरड कोसळून रस्ता बंद होण्याचे प्रकार नेहमीचे. तात्पर्य, गावातले चित्रगृह बंद पडले तर शेजारच्या गावी जाऊन चित्रपट पाहू, अशी सोय येथे नाही.

एके काळी हे गाव श्रीमंत होते. हेरिंग माशांची मासेमारी, दगडी कोळशाची खाण आणि व्हिस्कीच्या भट्ट्या हे तीन मोठे धंदे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एवढ्याशा गावात तिसाच्या आसपास भट्ट्या होत्या. या धंद्यांविषयी वाचकांचे मत काय असेल ते उघड आहे; पण गावाच्या तिजोरीत पैसा त्यांतूनच येत होता हे नाकारता येणार नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बहुतेक भट्ट्या बुडाल्या, मासळी कमी झाली, १९६७ साली खाणही बंद पडली. चित्रगृह उभे राहिले ते भरभराटीच्या अखेरच्या वर्षांत, आणि टिकवावे लागले ते पडत्या काळात. येथे पुढे घडले त्याला वजन आहे ते यामुळेच.

आता वास्तूविषयी. त्या काळी चलच्चित्राची फीत ज्या पदार्थाची बनत असे तो पदार्थ विलक्षण ज्वालाग्राही होता. जत्रेतल्या तंबूत, दुकानाच्या गाळ्यात, मिळेल त्या सभागृहात खेळ होत आणि आगी लागत. म्हणून ब्रिटनमध्ये १९०९ साली चलच्चित्रविषयक कायदा झाला. स्थानिक प्रशासनाचा परवाना आणि यंत्रासाठी प्रेक्षकांपासून अलग, अग्निरोधक खोली या गोष्टी बंधनकारक झाल्या. परिणाम असा की, जुन्या जागेत डागडुजी करण्यापेक्षा मुद्दाम नवे चित्रगृह बांधणेच किफायतशीर ठरू लागले, आणि १९१० नंतरच्या चार-पाच वर्षांत ब्रिटनभर शेकडो चित्रगृहे उभी राहिली. कायद्याने केवळ खर्च वाढतो असे व्यापाऱ्यांना नेहमी वाटते. येथे कायद्याने एक नवा धंदाच स्थिर केला.

कॅम्पबेलटाऊनच्या चित्रगृहाचा आराखडा ग्लासगोचे वास्तुविशारद ए. व्ही. गार्डनर यांनी केला. बंदरासमोरच्या रस्त्यावर, गावाच्या जुन्या ग्रंथालयाच्या देखण्या इमारतीशेजारी ही वास्तू उभी आहे. वळणदार दर्शनी भाग, त्या काळच्या ग्लासगोत लोकप्रिय असलेली नाजूक कलाकुसर. पुढे बोलपट आले, आणि १९३५ च्या सुमारास त्याच गार्डनर यांच्याकडून अंतर्भागाचे रूप पालटण्यात आले. अमेरिकेत जॉन एबरसन या वास्तुविशारदाने तेव्हा एक नवी तऱ्हा रूढ केली होती. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला आपण चार भिंतींत नसून उघड्या आकाशाखाली, एखाद्या परदेशी वाड्याच्या चौकात बसलो आहोत असे वाटावे, अशी ती रचना. कॅम्पबेलटाऊनमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंना कौलारू छपरांची दोन लहानशी घरे भिंतीतून पुढे काढण्यात आली, छताला आकाशाचे रूप दिले गेले. बाहेर अटलांटिकवरून येणारा बोचरा वारा आणि पाऊस. आत दक्षिण युरोपातली उबदार संध्याकाळ. मासेमाराला आणि खाणकामगाराला काही पेन्समध्ये ती मिळत होती. अशा धर्तीची प्रेक्षागृहे युरोपात आता फारच थोडी उरली आहेत.

यानंतरची कथा सर्वत्र सारखीच आहे, म्हणून ती दोन आकड्यांत सांगता येते. १९४६ साली ब्रिटनमध्ये चित्रपटांची १६३ कोटी ५० लाख तिकिटे विकली गेली. म्हणजे माणशी वर्षाला तीस-पस्तीस वेळा चित्रगृहात जाणे झाले. १९८४ साली हा आकडा ५ कोटी ४० लाखांवर आला. माणशी जेमतेम एक वेळ. आधी दूरचित्रवाणी आली, मागाहून व्हिडिओ यंत्र आले. चित्रगृहांचे पत्त्यांच्या जुगाराचे अड्डे नव्हेत, पण ‘बिंगो’ नावाच्या आकड्यांच्या खेळाचे दिवाणखाने झाले, गोदामे झाली, वाहनतळ झाले. १९८६ साली कॅम्पबेलटाऊनचे ‘पिक्चर हाऊस’ही बंद पडले.

येथवर नवल काहीच नाही. नवल पुढे आहे. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन ‘कॅम्पबेलटाऊन कम्युनिटी बिझनेस’ ही मर्यादित जबाबदारीची, धर्मादाय स्वरूपाची कंपनी उभी केली, वास्तू विकत घेतली, आणि १९८९ साली चित्रगृह पुन्हा सुरू केले. ज्या काळात मोठमोठ्या चित्रगृह-मालिका आपल्या वास्तू फुंकून टाकीत होत्या आणि महामार्गालगत बहुपडदा संकुले उभी राहू लागली होती, त्या काळात हा निर्णय घेतला गेला. कोणत्याही बँकेच्या कर्ज समितीपुढे हा प्रस्ताव आला असता तर तो पहिल्याच पानावर थांबला असता: घटती मागणी, जुने यंत्र, तारण म्हणून दुसऱ्या कशाच्याही उपयोगाची नसलेली इमारत.

परंतु या मंडळींनी दोन गोष्टी शहाणपणाने केल्या. पहिली म्हणजे मालकीचे स्वरूप. खासगी मालकाला भांडवलावर परतावा हवा असतो, आणि तो रास्तच आहे. परतावा मिळेनासा झाला की त्याची दृष्टी इमारतीवरून इमारतीखालच्या जमिनीकडे वळते. गावाच्या कंपनीला परताव्याची अपेक्षा नव्हती. खर्च भागला आणि दार उघडे राहिले की उद्दिष्ट साधले. दुसरी गोष्ट खुर्च्यांची. आरंभी सहाशेहून अधिक प्रेक्षकांची सोय असलेल्या या चित्रगृहात पुन्हा सुरू करताना २६५ खुर्च्या ठेवण्यात आल्या. जुने वैभव जसेच्या तसे परत आणण्याचा मोह आवरणे हे भल्याभल्यांना जमत नाही. गावाची मागणी किती, तेवढीच दुकानाची लांबी-रुंदी ठेवली. उरलेली जागा आरामशीर बसण्यास उपयोगी पडली आणि तापविण्याचा, झाडलोटीचा खर्च आटोक्यात आला.

पुढील पंचवीस वर्षे चित्रगृह असेच चालले. तिकीट विक्री, खाऊचा गल्ला, आणि गावातल्या माणसांचे श्रम. पण एका पडद्याच्या चित्रगृहाला एक जुनाट दुखणे असते, आणि ते सिनेमाच्या धंद्याबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. ते समजले तरच जीर्णोद्धाराच्या वेळी घेतलेला सर्वांत महत्त्वाचा निर्णय समजेल.

चित्रपट विकत मिळत नाही; वितरक तो तिकीट विक्रीतील हिश्श्यावर देतो. नव्या, गाजणाऱ्या चित्रपटासाठी हा हिस्सा पहिल्या आठवड्यात अधिक असतो आणि पुढे उतरत जातो. त्याबरोबर एक अट येते. चित्रपट ठराविक दिवस, सर्व खेळांना, दुसरे काहीही न लावता चालवला पाहिजे. शहरात ही अट सोयीची. नवा प्रेक्षक रोज येतो. लहान गावात ती गळ्याला फास लावते. समजा, गावातील हजार माणसांना एखादा चित्रपट पाहायचा आहे. २६५ खुर्च्यांचे चार खेळ भरले की मागणी संपली. उरलेले दहा-बारा दिवस रिकाम्या खुर्च्यांपुढे तोच चित्रपट दाखवायचा, दिवे-उष्णतेचा खर्च करायचा, आणि ज्यांना दुसरे काही पाहायचे आहे त्यांना परत पाठवायचे. एकाच फळीच्या दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याने सांगावे की, पंधरा दिवस या फळीवर फक्त माझाच माल दिसला पाहिजे, तसाच हा प्रकार. अट मान्य न करावी तर चित्रपट महिनाभराने, शिळा होऊन मिळतो.

याच सुमारास दुसरे संकट जगभरच्या लहान चित्रगृहांवर आले. फीत जाऊन संगणकीय प्रक्षेपण आले. फितीच्या प्रतींचा आणि वाहतुकीचा खर्च वितरकांचा वाचला. नव्या यंत्राचा खर्च मात्र चित्रगृहाच्या माथी आला. अमेरिकेत एका पडद्यामागे साठ ते सत्तर हजार डॉलरचा अंदाज केला जाई. वाचलेल्या खर्चातील काही भाग वितरक चित्रगृहांना देत, पण तो लागलेल्या नव्या चित्रपटांच्या संख्येवर. म्हणजे ज्याची उलाढाल मोठी त्यालाच आधार मोठा. २०१३ च्या अखेरीस आणि २०१४ च्या आरंभी हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेत फितीच्या प्रती देणे थांबविण्यास प्रारंभ केला, तेव्हा तेथील अनेक लहान गावांतील चित्रगृहे लोकवर्गणीने यंत्र घेऊन वाचली आणि कित्येक कायमची बंद झाली.

कॅम्पबेलटाऊनपुढे त्या वेळी यंत्राहून मोठा प्रश्न होता. वास्तू शंभरीला पोहोचली होती. समुद्रकाठचे खारे वारे, झिरपणारे छप्पर, जुने प्लास्टर. वरवरच्या डागडुजीने भागण्यासारखे राहिले नव्हते. ती ‘अ’ श्रेणीची वारसा-वास्तू. या श्रेणीला दोन बाजू असतात. एक, परवानगीवाचून खिळासुद्धा ठोकता येत नाही आणि कुशल कारागीरच लावावे लागतात, म्हणून खर्च वाढतो. दुसरी, त्याच श्रेणीमुळे अनुदानाची दारे उघडतात. बहुतेक लोक पहिल्याच बाजूची तक्रार करीत बसतात. येथे दुसऱ्या बाजूचा पुरेपूर उपयोग करून घेण्यात आला.

२०१४ साली चित्रगृह कामासाठी बंद झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा उघडले. एकूण खर्च सुमारे ३५ लाख पौंड. त्यापैकी सर्वांत मोठा वाटा, सुमारे ११ लाख पौंड, वारसा-जतनासाठीच्या लॉटरी निधीतून आला. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नाचा एक भाग कायद्याने अशा कामांकडे वळविला जातो. लॉटरीचा पैसा घ्यावा की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु तो देण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. अर्ज दोन फेऱ्यांत होतो. पहिल्या फेरीत कल्पना मान्य झाली तर केवळ आराखडे, तपासण्या आणि व्यवसाय-नियोजन यांसाठी रक्कम मिळते. ते काम समाधानकारक झाले तरच दुसऱ्या फेरीत बांधकामाची रक्कम मंजूर होते. उरलेला पैसा कोठून येणार, काम झाल्यावर वास्तू कोण चालविणार, पुढील वर्षांतील देखभालीची तजवीज काय, हे सारे कागदावर मांडावे लागते. कर्जाच्या प्रस्तावाची छाननी याहून काही निराळी नसते. बाकीची रक्कम स्थानिक परिषद, वारसा आणि कला क्षेत्रांतील सरकारी संस्था, आणि गावातल्या व बाहेरच्या देणगीदारांकडून जमविण्यात आली. गावाने आधीची पंचवीस वर्षे चित्रगृह चालवून दाखविले होते, हीच त्यांची सर्वांत मोठी पत होती.

प्रेक्षागृहातील रंगकाम, दोन्ही बाजूंची ती लहानशी घरे, दर्शनी भाग यांचे जतन झाले. परंतु सर्वांत मोलाची भर पडली ती जुन्या वास्तूच्या बाजूला. तेथे नवी इमारत बांधून प्रशस्त प्रवेशकक्ष, उपाहारगृह, इतिहासाचे प्रदर्शन, आणि दुसरा, लहान पडदा यांची सोय करण्यात आली. जुन्या वास्तूच्या चाहत्याला हा नवा भाग कदाचित गौण वाटेल. पण जुने चित्रगृह जगणार ते त्याच्याच आधाराने. वितरकाच्या अटीतला चित्रपट आता पहिले दिवस मोठ्या पडद्यावर आणि पुढे लहान पडद्यावर चालविता येतो. मोठा पडदा नव्या चित्रपटासाठी मोकळा होतो. उपाहारगृहाच्या विक्रीत वितरकाचा हिस्सा नसतो. अपंगांना सुलभ प्रवेश, स्वच्छतागृहे या ज्या गोष्टी जुन्या वास्तूत बसविताना तोडफोड करावी लागली असती, त्या नव्या भागात बसल्या.

येथे एक बाब ठळकपणे मांडली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक चांगली कामे मागाहून बुडतात. अनुदान आणि देणगी मिळते ती भांडवली कामासाठी. रोजचे वीजबिल, यंत्रावरील माणसाचे वेतन, विमा, छपराची वार्षिक पाहणी, यांसाठी कोणी कोनशिला बसवीत नाही. ती खाती तिकिटांतून आणि खाऊच्या गल्ल्यातूनच भागावी लागतात. आणि यंत्राचा घसारा? दहा-बारा वर्षांनी प्रक्षेपक बदलावाच लागतो. तेव्हा पुन्हा झोळी घेऊन फिरायचे, की दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकायची? ज्या संस्था भांडवलाच्या रकमेतून चालू खर्च भागवितात, त्यांचे उद्घाटन मोठे होते आणि आयुष्य लहान. उद्घाटनानंतर सव्वादोन वर्षांतच, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे ब्रिटनमधील सारीच चित्रगृहे बंद झाली. तेव्हा राखीव निधी म्हणजे काय हे सर्वांना कळले.

स्कॉटलंडमध्ये असे प्रयत्न आणखीही झाले आहेत, आणि प्रत्येकाचा मार्ग निराळा आहे. बोनेस या गावातील ‘हिप्पोड्रोम’ १९१२ सालचे. ते १९७५ मध्ये बंद पडले, काही काळ तेथे बिंगो चालला, आणि मग स्थानिक परिषदेने जीर्णोद्धार करून २००९ साली ते उघडले. तेथे २०११ पासून मूकपटांचा महोत्सव भरतो, आणि वाद्यांच्या साथीने जुने चित्रपट पाहण्यास लांबून लोक येतात. ओबन येथील चित्रगृह २०१० साली बंद झाल्यावर गावकऱ्यांनी निधी जमवून २०१२ मध्ये पुन्हा सुरू केले. परिषदेचे पाठबळ असेल तर तोटा पचतो, पण परिषदेचे अंदाजपत्रक आखडले की चित्रगृहावर गदा येण्याचा धोका असतो. गावाच्या कंपनीला तो धोका कमी. पण तिला दमणाऱ्या, म्हाताऱ्या होणाऱ्या कार्यकर्त्यांची चिंता असते. कॅम्पबेलटाऊनमध्ये १९८९ पासून एकामागून एक पिढीने हे ओझे उचलले आहे, ही गोष्ट इमारतीच्या नक्षीइतकीच दुर्मीळ म्हणावी लागेल.

आपल्याकडील तालुक्याच्या गावांतील टॉकीजची अवस्था सांगण्याची आवश्यकता नाही. कुठे मंगल कार्यालय, कुठे व्यापारी संकुल, कुठे भाऊबंदकीच्या दाव्यात कुलूपबंद पडलेली वास्तू. त्यांतील कित्येकांची मालकी व्यापारी घराण्यांकडेच आहे, आणि जागेची किंमत तिकिटाच्या उत्पन्नाच्या शेकडो पट झाल्यावर त्यांनी काय करावे याचा उपदेश दुसऱ्याने करणे योग्य नव्हे. मात्र विक्रीचा विचार करताना एक तिसरा पर्याय, गावाच्याच एखाद्या नोंदणीकृत संस्थेला वास्तू देऊन लगतच्या मोकळ्या जागेचा व्यापारी उपयोग स्वतःकडे ठेवणे, हा मांडून पाहिला जात नाही. कायद्याचे सल्लागार आणि सनदी लेखापाल यांनी एकत्र बसून त्याचे गणित एकदा तरी करावे.

कॅम्पबेलटाऊनमध्ये आता पर्यटकही मुद्दाम चित्रगृह पाहण्यास येतात, प्रदर्शन पाहतात, चहा घेतात आणि बऱ्याचदा तिकीट काढून आत बसतात. गावातले नियमित प्रेक्षक मात्र छताकडे किंवा त्या दोन कौलारू घरांकडे क्वचितच पाहतात. त्यांना या आठवड्यात कोणता चित्रपट लागला आहे आणि रात्रीचा खेळ किती वाजता सुटणार, एवढेच हवे असते.